दोन फळ्यांमधले अकरा पावसाळे

रविवार, ६ एप्रिल

सिंगापुरातल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो! ज्यांच्या घराण्यांची नावं सरकारी कागदांवर शेकडो वर्षं आहेत, पण ती फक्त कामाच्या यादीत. वेस कोणी राखली, टपाल कोणी पोचवलं, मेलेलं ढोर कोणी ओढलं एवढंच सांगणारी. आणि मालकीच्या यादीत ज्यांचं एकही नाव सापडत नाही, त्या तुम्हा सगळ्यांना माझा जयभीम!

जयंतीचं भाषण असं सुरू करावं म्हणतो. कार्यक्रम वीस तारखेला. सुमित्राला वाचून दाखवलं. ती उद्याचे डबे भरत होती. म्हणाली, "चांगलं आहे. पण समोर बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या नावावर इथे एक फ्लॅट आणि पुण्यात एक फ्लॅट आहे."

"मी पणजोबांबद्दल बोलतोय."

"मग पणजोबांना बोलवा."

एकवीस वर्षं या बाईने माझं प्रत्येक भाषण आधी ऐकलं आहे. टाळ्या एकदाही वाजवलेल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात निरोप आला होता: मोडी लिपी वाचणारं कोणी आहे का? तांजोंग पगारच्या एका खासगी ट्रस्टच्या वाचनालयाला हवं आहे. परेशने आणि आणखी एकाने हात वर केला, मीही केला. मी मुंबईत मोडी शिकलो ती आमच्या वतनाचे कागद वाचण्यासाठी. दिवसा जहाजांचे पत्रे तपासायचे आणि रात्री पणजोबांचं अक्षर, असं वर्षभर केलं. ट्रस्टने मला बोलावलं आहे, कारण माझं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर आहे.

बुधवार, ९ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत गेलो. जुनं शॉपहाऊस, खाली दुकान, वर दोन मजल्यांवर पुस्तकं. मिस टेओ तिथल्या प्रमुख. साठीच्या असतील. आवाज इतका हळू की एसीच्या घरघरीत बुडतो. पहिलं वाक्य: "हात धुऊन या. पेन बाहेर ठेवा." नमस्कार नाही, चहा नाही.

पण पुस्तक! इटलीत साडेपाचशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं, लॅटिन कवितांचं. शेतीच्या, गुरांच्या, प्रेमाच्या कविता. पहिल्या पानाच्या चारी कडांना पांढऱ्या वेली गुंफल्या आहेत, त्यांत ससे आणि पाखरं, आणि सोनं असं की काल लावलं असावं. खाली पहिल्या मालकाचं घराण्याचं चिन्ह होतं, ते पुढच्या कोणीतरी खरवडून काढलं आहे. मालकी म्हणजे काय ते पहिल्याच पानावर कळतं.

मी विचारलं, "हा कसला कागद?"

"कागद नाही. वासराचं कातडं."

मी बोट ठेवलं. गुळगुळीत, थंड. ज्या कातड्याला हात लावला म्हणून आम्हाला गावाबाहेर ठेवलं, त्याच कातड्यावर युरोपातल्या सरदारांनी कविता लिहून घेतल्या आणि त्या छातीशी धरल्या! हे वाक्य भाषणात जाणारच.

मिस टेओंनी मालकांची यादी दाखवली. या यादीवरच अशा पुस्तकाची किंमत आणि इभ्रत ठरते, असं त्या म्हणाल्या. एक घराणं, एक मठ, लंडनचा एक पुस्तकविक्या, मग मुंबई लष्करातला एक मेजर, जो १८६१ साली अहमदनगरला वारला. पुढे: "१८६१ ते १८७२, ठावठिकाणा अज्ञात." मग नगरचाच एक पाद्री डॉक्टर, मग लंडनचा लिलाव, मग हा ट्रस्ट. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात: "अखेरच्या पानावर पौर्वात्य लिपीत काही खरडलेले."

"खरडलेले?" माझा आवाज चढला असावा. पलीकडच्या टेबलावरचा माणूस वळून बघू लागला.

"ते १९२१ सालच्या लिलाववाल्याचे शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "मला बदलायचे आहेत. म्हणून तुम्हाला बोलावलं."

असं सगळेच म्हणतात.

शुक्रवार, ११ एप्रिल

जेवायच्या आधी हेच लिहितो.

शेवटचं पान. मोडी, बोरूने लिहिलेली, ठसठशीत. वरच्या तीन ओळी मी वाचल्या: "सोननाक बिन रामनाक, नाईक, पलटण, मुक्काम नगर कॅम्प, याजपाशी हे बुक. वैशाख शके १७८३."

सोननाक, आणि बाप रामनाक! नावामागे 'नाक' लावणारा माणूस कोण, हे आपल्याला कोणी सांगायला नको. महार पलटणीतला नाईक. शके १७८३ म्हणजे १८६१. ज्या अकरा वर्षांना 'अज्ञात' म्हणतात त्या अकरा वर्षांचा मालक आमचा माणूस आहे!

खाली आणखी आठ-दहा ओळी आहेत, फार पुसट. ज्येष्ठ, आश्विन असे महिने दिसले. हजेरी वगैरे असेल. डोळे भरून आले होते, पुढे वाचवेना. मिस टेओंना तीन ओळी इंग्रजीत सांगितल्या. त्यांनी टिपून घेतल्या, दोनदा विचारलं, "खालचं?" मी म्हटलं, "महिन्यांची नावं." त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "कृपया मी सांगेपर्यंत याबद्दल कोणाशी बोलू नका."

दीडशे वर्षं गप्प बसलो. अजून थांबा म्हणतात.

रविवार, २० एप्रिल

बोललो! कम्युनिटी क्लबचा हॉल भरलेला, मागे माणसं उभी. खरवडलेल्या चिन्हापासून सुरुवात केली, वासराच्या कातड्यावर आलो आणि मग नाव उच्चारलं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा मोठ्याने: सोननाक बिन रामनाक! "सरदारांच्या आणि मेजरांच्या यादीत, मित्रांनो, आपला एक मालक आहे!" परेश पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याने सगळं फोनवर घेतलं आणि मी घरी पोचायच्या आत ग्रुपवर टाकलं. दुबईहून, मेलबर्नहून निरोप आले.

जेवणही छान झालं. मसालेभात प्रीतम रोकडेच्या आईने केला होता. अडीचशे माणसांचा, आणि आत ती एकटीच होती.

घरी येताना सुमित्राला विचारलं, "कसं वाटलं?"

"त्या बाईने बोलू नका सांगितलं होतं ना?"

हिचं हे असं.

मंगळवार, २२ एप्रिल

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मिस टेओंनी बोलावलं. टेबलावर चहा होता, म्हणजे काहीतरी वाईट असणार हे मी ओळखलं. त्या म्हणाल्या, ट्रस्ट आपल्या पुस्तकांची सूची छापतोय आणि तिच्या समितीचा नियम आहे. पुस्तकाच्या यादीत नवं नाव घालायचं तर दोन वाचकांनी मूळ पान समोर ठेवून, एकमेकांशी न बोलता वाचायचं. दुसऱ्या वाचकाला पहिल्याने काय वाचलं ते माहीत नसलं पाहिजे. फोटोवरून चालत नाही, कारण खालच्या ओळी फोटोत येतच नाहीत. "तुमच्या ग्रुपवर आणखी दोघांनी हात वर केला होता. मी त्यांना बोलावणार होते."

ते दोघं पहिल्या रांगेत होते.

"पुण्याहून कोणी?" मी विचारलं.

"तुमचा व्हिडिओ पुण्यातूनच मला आला," त्या म्हणाल्या. "एका प्राध्यापकांनी पाठवला. अभिनंदन म्हणून."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला लाज कसली वाटते ते फक्त इथेच लिहू शकतो. हा नियम मला ठाऊक आहे. जहाजाच्या तळाच्या पत्र्याची जाडी आम्ही मोजतो तेव्हा दुसऱ्या तपासनिसाला पहिल्याचा आकडा कधीच सांगत नाही. आकडा कानावर पडला की त्याच्या यंत्रावरही तोच दिसू लागतो. वीस वर्षं मी नव्या पोरांना हे शिकवतोय. आणि अडीचशे माणसांसमोर माईक हातात घेऊन मी आकडा सांगितला.

समितीची बैठक सात मेला आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

फोनवर फोन. मोडी येते असा जो सापडतो, तो म्हणतो, "सर, व्हिडिओ पाहिला, अंगावर काटा आला!" काटा आलेला माणूस मला नको आहे.

मिस टेओंचा मेल: छापखान्याच्या अडचणीमुळे समितीची बैठक चौदा मेवर ढकलली आहे. यांची कामं अशीच. एक तारीख पाळता येत नाही.

संध्याकाळी प्रीतमला फोन केला. तो साताऱ्याचा, म्हटलं तिकडे कोणी ओळखीचं असेल.

"साताऱ्यात कशाला, सर? आई वाचते की."

"कोणाची आई?"

"माझी. भूमी अभिलेखमध्ये एकतीस वर्षं होती."

तीन वर्षं या बाई प्रत्येक कार्यक्रमाला येतात. मी त्यांच्या हातचं किमान दहा वेळा जेवलो असेन.

"पण त्यांनी भाषण ऐकलंच असेल."

"नाही हो. ती आत होती. तो धुराचा पंखा किती आवाज करतो माहितेय ना? घरी आल्यावर फक्त विचारलं, भात पुरला का."

"तू काही बोलला नाहीस?"

"खरं सांगू का सर, मी मॅच बघत होतो."

गुरुवार, १ मे

कामगार दिनाची सुट्टी. प्रीतमचा फ्लॅट पाया लेबारला, स्टेशनपासून चालत. मी एकटाच गेलो. सुमित्राने बजावलं होतं, "जास्त बोलू नका. बोललात तर तेही जाईल."

रोकडेबाई जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी खुर्चीवर बसलो, मग बरं दिसेना म्हणून खाली बसलो.

"मोडी कुठे शिकलात?"

"शिकवलं कोणी? मी शिपाई म्हणून लागले, मालक गेल्यावर. जुन्या कागदांचे रुमाल उचलायचे, खाली-वर करायचे. एकेक रुमाल पोराएवढा जड. साहेब लोक नवे आले, त्यांना वाचता येईना. म्हातारे कारकून होते एक, ते वाचायचे आणि मी बत्ती धरायची. ते रिटायर झाले तोवर मला यायला लागलं."

"मग कारकून केलं तुम्हाला?"

"कशाला करतील? शिपाई म्हणूनच रिटायर झाले. वाचायला मात्र मीच."

त्या हसल्या आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. मीही निवडू लागलो.

मग आलो मुद्द्यावर. एक पान वाचायचं आहे, इथल्या एका वाचनालयात.

"कसलं पान?"

"ते सांगता येत नाही."

"जमिनीचं?"

"सांगता येत नाही."

"कुणाचं?"

"ताई, मला काहीच सांगता येत नाही."

त्यांनी हातातली काडी थांबवली. "उज्ज्वलभाऊ, तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्हाला कधी एवढं गप्प बघितलं नाही."

येते म्हणाल्या. सोमवारी. नातू शाळेत असतो तेव्हा.

सोमवार, ५ मे

रोकडेबाईंना, म्हणजे बेबीताईंना, घेऊन गेलो. मी खाली रस्त्यावर थांबायचं, असं मिस टेओंचं फर्मान. पाऊण तास थांबलो. मग वर बोलावलं.

बेबीताई चष्मा पुसत होत्या. त्यांच्यासमोर ट्रस्टच्या पॅडवर पेन्सिलीने बाळबोधीत उतरवलेलं पूर्ण पान होतं, सुवाच्य, शाळेतल्या वहीसारखं. मिस टेओंनी त्यांच्यासाठी टेबलावरचा दिवा वाकवून पानाला तिरपा केला होता. तिरप्या उजेडात पुसट ओळी उठतात. मला त्या दिवशी हा दिवा दिसला नव्हता, किंवा मी मागितला नव्हता.

वरच्या तीन ओळी माझ्याशी तंतोतंत जुळल्या. आणि खाली हे:

"साहेब वारले. मडमसाहेब विलायतेस गेल्या, माणूस पाठवून नेऊ म्हणाल्या. बुक माझे नव्हे. वासराचे कातडे आहे, पावसात फुगते, पान वळते. याजकरिता दोन फळ्यांत घालून दोरीने आवळून चुलीमागील भिंतीस ठेविले. चुलीस लागून नव्हे. ज्येष्ठात आवळणे, आश्विनात सोडून वारा देणे. वेखंड घातले. असे पावसाळे अकरा. मडमसाहेबांचे माणूस आले नाही. पाद्री डागदर साहेबांचे स्वाधीन केले, फाल्गुन शके १७९३. चित्रे सत्तावीस, मोजून दिली. बुक माझे नव्हे."

मी ते दोनदा वाचलं. सोननाक स्वतःच सांगतोय की तो मालक नाही.

मिस टेओ शांतपणे म्हणाल्या, "यांना इंग्रजी येत नाही आणि मला मराठी येत नाही. भाषांतर तुम्हीच कराल? लेखी, उद्यापर्यंत." आणि त्या दिवा बंद करायला वळल्या.

म्हणजे ती दोन वाक्यं त्यांना ठाऊक नाहीत. ती फक्त मला आणि बेबीताईंना ठाऊक आहेत.

त्यांना पोचवायला एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसलो. बेबीताई खुशीत होत्या.

"काय स्वच्छ माणूस होता हो! कातड्याची जाण असलेला. आपल्यातलाच, नाक लावलंय ना. आणि 'माझे नव्हे' दोनदा लिहिलंय, बघितलंत? एक वर, एक खाली."

"दोनदा कशाला लिहिलं असेल?"

"एखादं पुसलं गेलं तर दुसरं राहावं म्हणून. आमच्या दप्तरात असायचं असं. ज्याला भीती असते की मागचा कोणी खोडेल, तो दोनदा लिहितो."

मी बाहेर बघत बसलो. बोगदा होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवार, ६ मे

सकाळी ऑफिसला जायच्या आधी भाषांतर केलं. पहिल्या खर्ड्यात ती दोन वाक्यं नव्हती. लपवत नाही. ती गाळल्यावर मजकूर चांगला वाचला जात होता. एका माणसाने अकरा वर्षं पुस्तक जपलं आणि आपल्या मर्जीने देऊन टाकलं. जो देतो तो मालक. समितीने मानलं असतं. परेशने पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या.

माझी मुलगी तन्वी शाळेला निघता निघता खांद्यावरून वाचून गेली. तिला गेल्या आठवड्यात मूळ गोष्ट सांगितली होती, काल रात्री पुढची सांगितली. "पापा, ही सेड नॉट माइन, राइट? टू टाइम्स सम मोर. यू कान्ट जस्ट थ्रो अवे, लाह."

सोळा वर्षांची आहे. मराठी समजते, उत्तर हे असं सिंगापुरी इंग्रजीत देते.

दोन्ही वाक्यं घातली. जिथे त्याने लिहिली होती तिथेच. पाठवलं.

दिवसभर जड वाटलं. अडीचशे माणसांना मी मालक दिला होता. आता तो परत घ्यायचा.

शुक्रवार, ९ मे

मिस टेओंचा फोन. त्या चक्क भरभर बोलत होत्या. पुस्तकाची डागडुजी करणाऱ्या तज्ज्ञाला कित्येक वर्षं कोडं होतं: दख्खनच्या पावसाळ्यांतून गेलेलं पुस्तक, पण पानं वळलेली नाहीत, सोनं उडालेलं नाही. पुठ्ठ्यावर दोरीचे दोन दाब आहेत, ते कशाचे हे कळत नव्हतं. "आता कळलं. तुमच्या माणसाने पुस्तक वाचवलं, मिस्टर खंडारे. या यादीतल्या बाकी कोणी काय केलं? एकाने दुसऱ्याचं चिन्ह खरवडलं."

हे वाक्य माझ्या भाषणातलं आहे. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला असेल का? मराठी तर येत नाही. कोणाकडून तरी समजून घेतला असणार.

सोमवार, १२ मे

वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. सकाळी सगळ्यांसह वंदना. बेबीताईंच्या बाजूला बसलो. सोननाकाबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. लोक विचारत होते, "समितीचं काय झालं?" मी म्हटलं, बघू. गप्प राहणं जमतं, फक्त सवय हवी.

गुरुवार, १५ मे

समितीचा निकाल. मिस टेओंनी ऑफिसखालच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, बोलावून सांगितलं. त्या बाहेर भेटायला तयार झाल्या याचंच मला नवल.

'खरडलेले' गेलं. 'मोडी लिपीतील मराठी नोंद' आलं. नोंद आणि तिचं भाषांतर तळटीपेत छापणार. पण यादीत नाव नाही. समिती म्हणते, ही मालकांची यादी आहे आणि तो स्वतःच मालकी नाकारतो. त्या अकरा वर्षांपुढे "ठावठिकाणा अज्ञात" हेच राहील.

"अज्ञात कसा? पत्ता आहे, भिंत आहे, फळ्या आहेत!" मी टेबलावर हात मारला. कोपी, इथली कॉफी, सांडली.

मिस टेओंनी टिश्यू काढून पुसलं. मग पिशवीतून एक कागद काढला. दुसरंच काही शोधत होत्या, म्हणाल्या, आणि चुकून ट्रस्टची नियमावली हाती आली. नववा नियम. प्रकाशनापूर्वी एखाद्या नोंदीवर वीस वाचकांच्या लेखी हरकती आल्या तर समितीला ती नोंद पुन्हा विचारात घ्यावीच लागते. मुदत तेवीस मे, शुक्रवार, संध्याकाळी पाच. "वीस जण कुठून येणार, म्हणून हा नियम कधी वापरलाच गेला नाही," त्या म्हणाल्या आणि कप घेऊन उठल्या.

नशीब म्हणायचं. हा कागद त्यांच्या पिशवीत नसता तर मला कळलंही नसतं.

शनिवार, १७ मे

उद्या दुपारी पुन्हा तोच हॉल मिळाला आहे. ग्रुपवर आमंत्रण टाकलं: वक्ते, उज्ज्वल खंडारे. तन्वीने फोन माझ्यासमोर धरला. "पापा, बेबी आंटीचं नेम कुठे?"

घाईत राहिलं. नवीन टाकलं: वाचन, बेबी रोकडे. वक्ते, उज्ज्वल खंडारे.

बेबीताईंना फोन केला, म्हटलं पान तुम्ही वाचायचं, मी नाही. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "मग जेवणाचं?"

हे मला सुचलंच नव्हतं. सुमित्रा शेजारी होती, म्हणाली, "बाहेरून मागवा. एक दिवस." बेबीताई म्हणाल्या, "बाहेरचा मसालेभात तिखट नसतो," पण येते म्हणाल्या.

झोपण्याआधी भाषण लिहून ठेवतो. छोटं आहे.

मित्रांनो, वीस एप्रिलला याच जागी मी तुम्हाला सांगितलं की सोननाक बिन रामनाक त्या पुस्तकाचा मालक होता. ते खोटं ठरलं. मी तीन ओळी वाचून थांबलो होतो. मला हवं ते मिळालं होतं, म्हणून थांबलो. पूर्ण पान बेबीताईंनी वाचलं, ते आत्ता त्यांच्याच तोंडून तुम्ही ऐकलंत.

तो म्हणतो, माझे नव्हे. ठीक आहे. त्याचा शब्द मोडायचा अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, समितीलाही नाही. पण पुस्तक कुठे होतं हे 'अज्ञात' नाही. ते त्याच्या चुलीमागच्या भिंतीला होतं. ज्या मालकांची नावं ठळक अक्षरात छापली जाणार आहेत, त्यांच्यातल्या एकानेही आपण पुस्तक कसं जपलं ते लिहिलेलं नाही. मालकांना ते लिहावं लागत नाही. एप्रिलमध्ये मी तुमच्यासाठी मालकी मागत होतो. आज मालकी मागत नाही. त्या रिकाम्या ओळीत जे खरं आहे तेवढंच मागतो.

टाळ्या नकोत. खिशातले फोन काढा. ट्रस्टचा मेल पत्ता पडद्यावर आहे. विषयात लिहा, हरकत. खाली एकच ओळ, आणि तिच्याखाली तुमचं पूर्ण नाव:

"१८६१ ते १८७२: सोननाक बिन रामनाक, नाईक, नगर कॅम्प, यांनी राखले."

वीस हवेत. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत आहे, पण शुक्रवारची वाट बघू नका. जागेवर बसूनच, आत्ता पाठवा.